होडीतली अब्रू

मनुष्यप्राणी पाण्यास भितो, अशी एक समजूत पूर्वापार चालत आलेली आहे. परंतु सहलीच्या होडीत बसणाऱ्या मंडळींचे मी आजवर जे अवलोकन केले आहे, त्यावरून माझे मत असे बनले आहे की, मनुष्य पाण्यास मुळीच भीत नाही, तो समोरच्या फळीवर बसलेल्या माणसास भितो. पाण्याने फार तर प्राण जाईल. समोरचा हसला तर अब्रू जाते, आणि या दोहोंत निवड करण्याचा प्रसंग आला असता आमच्या पांढरपेशा समाजाने काय राखावे व काय सोडावे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेले आहे. एरवी रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंस चारचारदा पाहणारा, गॅसची चावी बंद केली की नाही हे पाहण्यासाठी अर्ध्या वाटेवरून परतणारा गृहस्थ, पंचवीस फूट खोल पाण्यावर अर्ध्या इंचाच्या फळीच्या आधाराने तरंगत असता जीवरक्षक जाकीट बाजूस सारून हवा खात बसतो, या चमत्काराची दुसरी कोणतीही उपपत्ती मला तरी लागलेली नाही.

मी स्वतः भित्रा आहे, आणि मामलेदार कचेरीच्या दप्तरात आयुष्य घालविलेल्या माणसाने तसे असणे मी गैर समजत नाही. खातरजमा केल्यावाचून कोणत्याही कागदावर सही करावयाची नाही हा ज्याचा शिरस्ता, त्याने खातरजमा केल्यावाचून होडीत पाऊल तरी का ठेवावे? धक्क्यावर उभा राहून मी होडीवाल्यास शांतपणे विचारतो की, परवाना आहे काय, तो किती उतारूंचा आहे, जाकिटे तितकी आहेत काय, आणि असल्यास ती कोठे आहेत. ही विचारपूस चालू असता आमचे कुटुंब दहा पावले दूर जाऊन सृष्टिसौंदर्य पाहू लागते, आणि भाचेमंडळी मला 'बंदर अधीक्षक' या किताबाने संबोधितात. यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, हे मला एका जलाशयावर कळले. तेथे जाकिटे होती, संख्येने बरोबर होती, दिसावयास कोरी होती. मात्र ती मागच्या फळीखाली काथ्याच्या दोराने गाठोडे बांधून अशा कडेकोट बंदोबस्तात ठेवलेली होती की, ती चोरास सापडली नसती आणि बुडणाऱ्यासही सापडली नसती. तपासणीस कोणी साहेब आल्यास दाखविता यावीत, या हेतूने ती जपून ठेवण्यात आली होती. वस्तू वापरल्याने खराब होते आणि खराब झालेल्या वस्तूबद्दल जबाब द्यावा लागतो, हे तत्त्व मी नोकरीत पुरेपूर आचरलेले असल्यामुळे त्या होडीवाल्याशी मला वाद घालता येईना. पण आम्ही त्याच्या होडीत बसलो नाही.

जाकीट अंगावर चढविण्यास लोकांची जी हरकत असते ती मुख्यतः रंगाविषयी असते. तो भडक नारिंगी रंग कोणाच्याही कांतीस शोभत नाही, पैठणीवर तो विपरीत दिसतो आणि पुरुषांच्या बाबतीत तर त्यामुळे पोटाच्या विस्ताराकडे निष्कारण लक्ष वेधले जाते, असे सांगण्यात येते. हे सर्व खरे आहे. लक्ष वेधले जावे म्हणूनच तो रंग निवडलेला आहे. निळ्याहिरव्या पाण्यात नुसते एक काळे मस्तक दुरून नारळासारखे दिसते, आणि समुद्रात तरंगणारा नारळ पाहून कोणी लाँच वळवीत नाही. दुसरी हरकत उकाड्याची. तिसरी, जाकिटाला घामाचा वास येतो ही. ती मला मान्य आहे. परंतु या हरकती सांगणारी मंडळी जाकिटाचा अगदीच अव्हेर करतात असे नाही. ती त्याच्यावर बसतात. आत भरलेला फोम अशा आसनप्रयोगाने दबत जातो आणि काही काळाने त्याची तरंगण्याची शक्ती बसणाऱ्याच्या वजनाखाली नामशेष होते, हे सांगितल्यास उत्तर येते की, फळी फार टणक आहे. आणखी काही जण जाकीट घालतात, पण पट्टे न बांधता, उपरण्यासारखे खांद्यावर. असा मनुष्य पाण्यात पडला तर जाकीट वर राहते आणि मनुष्य खाली जातो. जाकीट चढवून पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने ते खांद्यांजवळ धरून वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत येत असेल तर पट्टे अजून आवळावयास हवेत. लहान मुलास मोठ्याचे जाकीट घालणे याच कारणाने निरर्थक ठरते. जाकिटाला बहुधा एक शिटीही बांधलेली असते, आणि तिचा हेतू फार गंभीर असला तरी ती मुलांच्या हाती पडल्यास संपूर्ण सफर कशी होते, हे पालक जाणतातच.

आमचे मेहुणे अण्णा हे जाकीटविरोधी पक्षाचे धुरंधर आहेत. बँकेतील वरिष्ठ जागेवरून ते निवृत्त झाले असून त्यांचा जन्म कृष्णाकाठचा आहे, आणि कृष्णाकाठी जन्मलेल्या यच्चयावत पुरुषांनी तारुण्यात एकदा तरी महापुरात उडी घेऊन पैलतीर गाठलेला असतो. ज्यांना तो गाठता आला नाही ते सांगावयास येत नसल्यामुळे या विधानास विरुद्ध पुरावा कधीच उपलब्ध होत नाही. "दाजी, तुम्ही उगाच घाबरता," ते मला म्हणतात, "ज्याला पोहता येतं त्याला जाकीट कशाला?" पोहणारा मनुष्य पोहण्याच्या तयारीने, अंग मोकळे करून, आपण होऊन पाण्यात उतरतो, होडीतून पडणारा मनुष्य मात्र विजार, बूट, पाकीट, किल्ल्यांचा जुडगा आणि कधीकधी कपाळावर बसलेला होडीच्या काठाचा तडाखा घेऊन पडतो, हा भेद मी त्यांच्या नजरेस आणून दिला, तो त्यांनी तात्त्विक म्हणून बाजूस सारला.

मग मी शास्त्राकडे वळलो. मनुष्यदेहाचे घनत्व पाण्याच्या घनत्वाशी इतके मिळतेजुळते आहे की, प्रौढ माणसाचे मस्तक पाण्यावर राहण्यास साधारण तीन ते पाच किलोंचा टेकू पुरतो. जमिनीवर नव्वद किलोंचा दरारा बाळगणारे अण्णा आपला हुद्दा, निवृत्तिवेतन आणि ठाम मते यांसह पाण्यात पाच किलोंचे उरतात. त्यातही चरबी पाण्याहून हलकी, आणि हाडे व स्नायू जड. तेव्हा तालमीत घटलेल्या जवानापेक्षा सुखवस्तू गृहस्थावर जलदेवतेची अधिक मर्जी असते. हे ऐकताच अण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे मला जाकीट निसर्गानेच दिलेलं आहे!" ते म्हणाले, आणि सौ.ने माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की, शास्त्राची तरफदारी करणाऱ्या माणसाने तरी आपल्या पक्षाचे मुद्दे शत्रूच्या हाती देऊ नयेत. मी घाईने पुरवणी जोडली. चरबी मनुष्यास तरंगविते खरी. परंतु तोंड वर राहावे की पाठ, याचा निकाल ती आपल्या मर्जीने लावते. चांगले जाकीट बेशुद्ध माणसासही उताणे करून त्याचे नाकतोंड पाण्याबाहेर ठेवते. ही करामत कोणत्याही पोटास साधलेली नाही.

वास्तविक तरंगण्यासाठी अंगाला काही बांधून घेण्यात आमच्या लोकांना पूर्वी बिलकूल संकोच वाटत नसे. गावच्या विहिरीत पोहावयास शिकलेल्या पिढीला विचारा: कोणाच्या कमरेला वाळलेला भोपळा असे, कोणाच्या पाठीवर पांगाऱ्याचे बिंडे, कोणाच्या पाठीवर झाकण डाख देऊन बंद केलेला तेलाचा डबा; आणि त्या थाटात काठावरून उडी मारताना आपण हास्यास्पद दिसतो असे कोणाच्या मनातही येत नसे. भोपळ्याची लाज न वाटणाऱ्या त्याच मुलास चाळिशीत जाकिटाची लाज वाटू लागते. विलायतेतही निराळा प्रकार नव्हता. १८५४ च्या सुमारास तेथील जीवरक्षक नौकांच्या संस्थेचे निरीक्षक कप्तान वॉर्ड यांनी बुचाच्या पट्ट्या शिवलेली एक बंडी सिद्ध केली. परंतु अनुभवी दर्यावर्दींस ती अवजड व अडचणीची वाटे. १८६१ च्या फेब्रुवारीत व्हिटबी बंदराबाहेर भयंकर वादळ झाले. एकामागून एक जहाजे किनाऱ्यावर आदळत होती, आणि दिवसभर माणसे वाचवीत राहिलेली जीवरक्षक नौका अखेर स्वतःच उलटली. तिच्यावरील तेरांपैकी बारा जण गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन नावाचा एकटा खलाशी, आणि ती नव्या धर्तीची बुचाची बंडी त्या दिवशी त्याच्याच अंगावर होती. पुढे बुचाच्या जागी पांढऱ्या सावरीचा कापूस आला, जो पोकळ तंतूंचा, मेणचट अंगाचा, पाणी सहसा आत न घेणारा आणि स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट भार तोलणारा असतो. ज्या सावरीच्या उशीवर डोके ठेवून आपले आजोबा दुपारी घोरत, तिचीच भावंडे त्या काळी जगातील खलाशांच्या छातीवर बांधलेली होती. आता सावर गेली, फोम आला.

आपल्याकडे हा विषय हसण्यावारी नेण्याची सोय राहिलेली नाही. गेटवेवरून घारापुरीस निघालेल्या एका लाँचला १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि हिवाळ्यातील शांत समुद्रावर, मुंबई डोळ्यांसमोर दिसत असता, माणसे बुडाली. तेथे जाकिटाची सक्ती झाली ती त्यानंतर. होडीवाला कितीही कुशल असो आणि समुद्र कितीही निवांत असो, तिसऱ्याच कोणाचे सुकाणू त्या घटकेस कोणत्या दिशेस वळेल याचा जामीन कोणी राहू शकत नाही, एवढेच अण्णांना मी त्या वेळी म्हणालो होतो, आणि त्या दिवशी ते काही बोलले नाहीत.

उतारूंच्या संख्येविषयी आमची जी धारणा आहे ती मुंबईच्या लोकलगाडीत घडलेली आहे. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, नव्हे तो त्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. 'जरा सरका' हे दोन शब्द उच्चारताच लाकूड, लोखंड आणि सहप्रवासी हे तिन्ही पदार्थ आपोआप आकुंचन पावतात असा दृढ अनुभव पाठीशी असल्यामुळे, होडीच्या अंगावर रंगविलेला 'क्षमता' हा आकडा आम्हांस वाटाघाटीचा आरंभबिंदू वाटतो. परंतु पाणी सरकत नाही. प्रत्येक वाढीव उतारूसरशी होडीचा काठ पाण्याच्या दिशेने उतरत जातो, आणि जी लाट एरवी काठावर थाप मारून परत गेली असती ती आत येऊन बसते. आत आलेले पाणी एका जागी स्थिर राहात नाही. होडी जिकडे कलते तिकडे तेही धावते आणि कललेल्या होडीस आणखी कलविते.

या एका मुद्द्यापायी सॅम्युएल प्लिमसॉल नावाच्या इंग्रज गृहस्थाने पार्लमेंट डोक्यावर घेतले होते. जुनीपुराणी जहाजे विम्याच्या भरवशावर बेसुमार लादून समुद्रात धाडणाऱ्या मालकांविरुद्ध तो वर्षानुवर्षे ओरडत होता, आणि १८७५ साली त्याचे विधेयक तहकूब होण्याचा रंग दिसताच त्याने भर सभागृहात मूठ उगारून सभासदांची संभावना बदमाश म्हणून केली. पुढे त्याने माफी मागितली. पण त्या अशिष्टपणाचा परिणाम असा झाला की, १८७६ साली प्रत्येक जहाजाच्या बाजूवर भाराची मर्यादा दाखविणारी रेघ ओढण्याचा कायदा झाला. सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसास या कायद्याचा पूर्वार्ध विशेष हृद्य वाटेल. रेघ ओढणे सक्तीचे होते, मात्र ती कोठे ओढावी हे काही वर्षे मालकाच्या मर्जीवर सोडलेले होते! एका कप्तानाने ती थेट धुराड्यावर ओढली अशी आख्यायिका आहे, आणि हुकमाची बरहुकूम तामिली करून हुकमाचा हेतू पार बुडविण्याची ही कला ज्याने आमच्या कचेरीत पाहिली आहे, त्यास ती आख्यायिका खोटी वाटणार नाही. पुढे ही पळवाट बुजविण्यात आली. आज मोठ्या जहाजांवर उन्हाळ्यातील समुद्रासाठी एक, हिवाळ्यातील खवळत्या समुद्रासाठी तिच्याखाली दुसरी आणि गोड्या पाण्यासाठी वरच्या अंगास आणखी एक अशा अनेक रेघा असतात. तलावातल्या होडीवर एकही नसते. तेथे ती उतारूनेच मनाशी ओढावी आणि होडी तिच्याखाली गेलेली दिसल्यास पुढच्या फेरीची वाट पाहावी. पुढची फेरी असतेच.

होडीत पाऊल ठेवण्याची क्रिया वर्णन करण्यास सोपी आणि आचरण्यास कठीण आहे. नवखा उतारू एक पाय धक्क्यावर ठेवून दुसरा होडीत ठेवतो आणि येथवर सर्व ठीक असते. त्यानंतर तो विचार करू लागतो. ज्या पायाच्या रेट्याने तो अंग पुढे लोटू पाहतो त्याच रेट्याने होडी धक्क्यापासून हलके हलके दूर सरकू लागते, दोन पायांतील अंतर वाढत जाते, आणि दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याची गत काय होते हे म्हणीने त्यास पूर्वीच सांगितलेले असूनही त्यांपैकी एक दगड चालू लागेल याची कल्पना म्हणीने दिलेली नसते. उपाय एवढाच की, हातातली पिशवी आणि मोबाइल आधी दुसऱ्याकडे द्यावा, खलाशाचा हात धरावा, होडी दोराने ओढून धरलेली आहे हे पाहावे, लाट वर आली की तिच्याबरोबर निःशंकपणे होडीच्या मध्यभागी पाऊल टाकावे आणि ताबडतोब बसावे. धक्क्यास लागताना बोटे होडीच्या काठाबाहेर ठेवू नयेत. होडीच्या वजनास बोटांची पर्वा नसते.

बसल्यावर पुन्हा उठू नये, हे कलम मी सर्वांत वर घालीन. होडी तोल सांभाळते ती तिच्यातला भार खाली असतो म्हणून; मनुष्य उभा राहिला की भार वर चढतो, आणि अशी चार माणसे एकाच बाजूस उभी राहिली की होडीस उलटण्यासाठी लाटेचीही जरुरी उरत नाही. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली गावास पाणी मिळावे म्हणून बांधविला. त्यात पुढे महाराष्ट्रातील नवपरिणीत दांपत्ये वल्ही मारतील आणि अगदी मध्यभागी पोहोचल्यावर 'आता तू इकडे ये, मी तिकडे बसतो' असे म्हणून जागांची अदलाबदल करतील, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. संसारातील पहिला संयुक्त निर्णय असा उभ्याने घेऊ नये. छायाचित्रासाठी सर्वांनी एका टोकास गोळा होणे हा त्याचाच सुधारलेला अवतार होय. ज्यांना या गोष्टी क्षुल्लक वाटत असतील त्यांनी कोकणातील कोणाही वृद्धास 'रामदास' बोटीची हकीकत विचारावी. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या सुटीसाठी घरी निघालेल्या चाकरमान्यांना घेऊन ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली, वाटेत पावसाळी समुद्राने तिला गाठले, आणि लाटेचा मारा चुकविण्यासाठी घाबरलेले उतारू एका बाजूस धावताच ती कलंडली, असे सांगतात. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या घरांतून पुढे कित्येक वर्षे दर्याचे नाव काढीत नसत.

चित्रपटांनी बुडण्याविषयी एक मोठा गैरसमज पसरविलेला आहे. पडद्यावर बुडणारी नायिका हात हलविते, 'वाचवा' अशी हाक मारते, आणि नायक कोट काढून येईपर्यंत मारीतच राहते. फ्रँक पिआ नावाच्या अमेरिकन जीवरक्षकाने खऱ्या बुडणाऱ्यांचे निरीक्षण करून दाखविले की, बुडणारा मनुष्य ओरडत नाही, कारण ज्या तोंडाने ओरडावयाचे ते श्वासालाच पुरत नसते. तो हातही हलवीत नाही, कारण दोन्ही हात पाणी खाली दाबून वर येण्याच्या धडपडीत गुंतलेले असतात. तो पाण्यात ताठ उभा दिसतो, मान मागे टाकलेली असते, आणि हा सर्व निःशब्द प्रकार वीस ते साठ सेकंदांत संपतो. म्हणून पाण्यात खेळणारे मूल अकस्मात गप्प झाले तर त्याच्याकडे धावावे. मात्र धावावे म्हणजे उडी घ्यावी असे नव्हे. बुडणारा मनुष्य हाती येईल त्यास मिठी मारतो, आणि एकाच्या जागी दोघांचा पंचनामा होतो. दोर टाकावा, वल्हे पुढे करावे, काहीच नसेल तर पाण्याचा पाच लिटरचा डबा रिकामा करून, झाकण घट्ट लावून त्याच्याकडे फेकावा. तो जवळजवळ पाच किलोंचा भार तोलतो, म्हणजे संपूर्ण अण्णांचा. आणि होडीच उलटली तर किनारा कितीही जवळ दिसो, होडीस धरून राहावे. उलटलेली लाकडी होडी सहसा तळास जात नाही, आणि शोधणाऱ्यांना ती मस्तकापेक्षा लवकर दिसते. मद्यपानाविषयी मी काही लिहीत नाही. जो ऐकेल त्यास जरुरी नसते, आणि जरुरी असते तो त्या वेळी वाचण्याच्या स्थितीत नसतो.

ऋतुमानाचा मात्र उल्लेख केलाच पाहिजे. १ जून ते ३१ जुलै या मुदतीत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते, बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की पिढीजात कोळीही होडी ओढून वर घेतो, आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण केल्यावाचून दर्याशी व्यवहार सुरू करीत नाही. अशा दिवसांत धक्क्यावर एखादे कुटुंब हटकून उभे असते आणि त्याचा कर्ता पुरुष खलाशास सांगत असतो की, आम्ही खास पुण्याहून आलो आहोत. हॉटेलचे पैसे भरले आहेत, रविवारी परत जावयाचे आहे, असा सारा तपशील तो समुद्राच्या साक्षीने सादर करतो. मोसमातही कोकणात शक्यतो सकाळी निघावे. दुपारनंतर खारा वारा वाढतो आणि सकाळी आरशासारखे असलेले पाणी तिसऱ्या प्रहरी निराळ्याच मिजाशीत भेटते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सर्व मालवणास गेलो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याच्या बांधकामाचा मुहूर्त झाला तो सिंधुदुर्ग धक्क्यावरून समोर दिसतो, आणि पाण्याखालच्या खडकांमधून वाट काढीत होडी थोड्याच वेळात तेथे पोहोचते. तांडेल साठीचा, काटकुळा आणि मितभाषी होता. त्याने माझे प्रश्न संपण्याच्या आतच प्रत्येकाच्या हाती जाकीट दिले, आणि अण्णांनी ते शेजारी ठेवलेले पाहून इंजिनाचा दोर हातातून सोडून दिला. "जाकीट घातल्याशिवाय होडी सुटाची नाय," तो म्हणाला. अण्णांनी बँकेतील आपला हुद्दा त्याच्या कानी घातला. कृष्णेचा पूरही सांगितला. तांडेलाने ते आदरपूर्वक ऐकून घेतले. "खरा आसा साहेब," तो म्हणाला, "पण दर्यो कोणाचो हुद्दो इचारणा नाय." वीस-पंचवीस उतारू अण्णांकडे पाहात होते. होडी सुटत नव्हती ती त्यांच्यामुळे, ऊन चढत होते, कोणाचे तरी मूल रडू लागले होते, आणि अब्रू जाकीट न घालण्यात आहे की घालण्यात, हा प्रश्न अण्णांच्या आयुष्यात प्रथमच इतक्या लोकांसमोर उभा राहिला. त्यांनी जाकीट घातले. पट्टे मी आवळले, आणि ते खांद्यांशी धरून वर ओढूनही पाहिले. किल्ल्याचा तट जवळ येताच महाराजांचा जयजयकार करण्यासाठी ते उठू लागले, तेव्हा मागून शांत आवाज आला, "साहेब, जय बसान म्हटल्यात तरी चलता."

परत येताना अण्णा होडीतून सर्वांच्या आधी उतरले आणि धक्क्यावर कमरेवर हात ठेवून, जाकिटासह, आम्हां सर्वांच्या उतरण्यावर देखरेख करीत उभे राहिले. नारिंगी रंग, भारदस्त देह आणि आवाजातील साहेबी जरब यांचा एकत्रित परिणाम असा झाला की, तिकिटाच्या रांगेतील मंडळी त्यांना बंदर खात्याचे कोणी बडे अधिकारी समजली. होड्या किती वाजेपर्यंत सुटतात हे एकाने विचारले, दुसऱ्याने मुलांचे तिकीट विचारले. अण्णांनी दोघांनाही ठाम आणि बहुधा चुकीची उत्तरे दिली. इतक्यात गॉगल लावलेला एक तरुण पुढे आला. "साहेब," तो अदबीने म्हणाला, "पोहता येत असेल तर जाकीट घातलंच पाहिजे का?"

अण्णांनी त्यास आपादमस्तक न्याहाळले.

"कृष्णेच्या महापुरात उडी मारलेला माणूस आहे मी," ते म्हणाले, "आणि मी घातलंय!"

तांडेल त्यांच्या मागे हात पुढे करून उभा होता. पुढच्या फेरीसाठी त्याला एक जाकीट कमी पडत होते.